फिरंग आणि बर्गी

१

नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची म्हणून ओळखली जाणारी एक तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथील सोथबीज या लिलावगृहाच्या विक्रीत, मध्यस्थामार्फत, विकत घेतली. या व्यवहारास सुमारे ४७ लक्ष रुपये पडले. त्याच वर्षी १८ ऑगस्ट रोजी ती मुंबईत आणण्यात आली. समारंभपूर्वक तिचे स्वागत झाले व प्रदर्शनही भरले. परदेशी गेलेली ऐतिहासिक वस्तू लिलावातून मिळवून सार्वजनिक मालकीत आणण्याचे हे उदाहरण महाराष्ट्रात तरी दुर्मिळ होते, आणि त्याबद्दल मराठी समाजास वाटलेले समाधान स्वाभाविक म्हटले पाहिजे.

तथापि, ज्या सेनापतीची ही तलवार, त्याचे नाव केवळ मराठीतच घेतले जाते असे नाही. बंगाली आणि ओडिया या दोन भाषांच्या साहित्यात त्याच्या फौजेची स्मृती गेली पावणेतीनशे वर्षे टिकून आहे, आणि ती स्मृती मराठी स्मृतीशी जुळणारी नाही. तेव्हा तलवार परत आली, आता तिच्यासंबंधी काय सांगावयाचे, हा प्रश्न वस्तुसंग्रहालयाच्या अधिकाऱ्यांपुरता मर्यादित राहत नाही. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनाही त्यावर मत देणे भाग आहे. या तलवारीच्या पात्यावर जो मजकूर कोरलेला आहे तो खरा असला तरी अपुरा आहे, त्याचा उर्वरित भाग मराठीबाहेरच्या भारतीय साहित्यात लिहिला गेलेला आहे, आणि दोन्ही भाग एकत्र वाचल्याखेरीज या शस्त्राचा अर्थ लागत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम वस्तूचा विचार केला पाहिजे. ही तलवार ‘फिरंग’ या जातीची आहे. सरळ, एकधारी, लांब आणि युरोपीय घडणीचे पाते, व त्यावर एतद्देशीय पद्धतीची मूठ, अशी या जातीची रचना असते. प्रस्तुत तलवारीची मूठ मुल्हेरी घाटाची असून तिच्यावर सोन्याचे कोफ्तगारीचे काम आहे. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, देवनागरी अक्षरांत सोन्याने मजकूर भरला आहे : ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. मराठा सरदारांच्या नित्य वापरातील शस्त्रांवर असे नाव किंवा अलंकरण सहसा आढळत नाही. त्यामुळे या लहानशा ओळीचे महत्त्व मोठे आहे.

या ओळीतील शेवटचा शब्द विशेष विचारणीय आहे. युरोपातील फ्रँक लोकांच्या नावावरून अरबी-फारसीत ‘फरंग’ हा शब्द झाला व तेथून तो भारतीय भाषांत उतरला. भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या सोळाव्या शतकातील वैद्यक ग्रंथात परदेशीयांच्या संसर्गाने आलेल्या एका रोगास ‘फिरंग’ म्हटले आहे. मराठीत तोच शब्द उत्तम पात्याच्या तलवारीस मिळाला. बाहेरून आलेल्या वस्तूकडे संशयाने आणि अभिलाषेने एकाच वेळी पाहण्याची रीत एका शब्दाच्या दोन अर्थांत अशी नोंदली गेली आहे. अठराव्या शतकातील मराठा सेनापतीला परकीय पात्याचा संकोच वाटत नव्हता. उलट आपले नाव, आपला किताब आणि पात्याचे परकेपण ही तिन्ही त्याच्या तलवारीवर एका ओळीत सोन्याने लिहिली गेली. शुद्ध स्वदेशी शस्त्राची जी कल्पना पुढे एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत रूढ झाली, तिला या ओळीत आधार सापडत नाही. १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या युवराजास कोल्हापूरच्या छत्रपतींनी भेट दिलेली आणि इंग्लंडच्या राजसंग्रहात गेलेली मराठा तलवारही युरोपीय पात्याचीच आहे. ती परत आणावी ही मागणी वेळोवेळी झाली. १९८० नंतर बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना तिला मोठी प्रसिद्धी मिळाली होती. मागणी करणाऱ्यांच्या दृष्टीने ती तलवार सर्वस्वी मराठी होती, आणि पाते युरोपीय असल्याने त्या भावनेस बाध येण्याचे काही कारण नव्हते. शस्त्राची भाषा धातूवरून ठरत नाही. ते कोणी बाळगले आणि त्याच्याविषयी काय बोलले गेले यावरून ठरते.

फिरंगेची घडण घोडेस्वाराच्या सोयीची होती, हेही येथे नमूद केले पाहिजे. लांब व सरळ पाते खोगिरावरून खुपसण्यास आणि तोडण्यास दोहोंस उपयोगी पडते. हाताला आच्छादणारी रुंद परज आणि मुठीच्या टोकाचा गज ही या जातीची सर्वसाधारण लक्षणेही त्याच कामाची आहेत. ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब छत्रपती शाहूंच्या दरबारातून आलेला, आणि ज्याला तो मिळाला तो मुख्यतः घोडदळाचा सेनापती होता. १७४० मध्ये दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली याचा पराभव व मृत्यू, १७४१ मध्ये त्रिचनापल्लीचा पाडाव व चंदासाहेबाची कैद, आणि त्यानंतर लगोलग पूर्वेकडील बंगालच्या मोहिमा, हे सर्व नकाशावर मांडून पाहिले असता रघुजींच्या सामर्थ्याचे मर्म कळून येते. ते सामर्थ्य अंतर कापण्याचे होते. कावेरीपासून भागीरथीपर्यंत जी फौज दोन-तीन वर्षांच्या अवकाशात पोहोचते, तिचे खरे शस्त्र घोडा होय. तलवार त्या शस्त्राची खूण.

३

मराठा घोडदळात स्वारांचे दोन मुख्य वर्ग असत. स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून किंवा सरदाराच्या पागेतून मिळे तो बारगीर. शिलेदाराचा दर्जा वरचा, बारगिराचा खालचा. आजच्या मराठीत ‘शिलेदार’ हा शब्द गौरवार्थी झाला आहे; एखाद्या नेत्याच्या किंवा चळवळीच्या निष्ठावंतांना शिलेदार म्हणण्याची रीत आहे. ‘बारगीर’ मात्र इतिहासाच्या पुस्तकांत आणि क्वचित एखाद्या आडनावात उरला. ज्याच्यापाशी स्वतःचा घोडा नव्हता त्याची आठवण त्याच्या भाषेनेही फारशी ठेवली नाही.

ती ठेवली बंगालीने. ‘बारगीर’ याचे बंगालीत ‘बर्गी’ झाले आणि तो शब्द संपूर्ण मराठा सैन्याचा, किंबहुना १७४२ ते १७५१ या दहा वर्षांतील संपूर्ण आपत्तीचा वाचक ठरला. बंगालमध्ये घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या एका अंगाईगीतात मूल झोपी जाण्याच्या घटकेला बर्गी देशात आल्याचा उल्लेख आहे. त्या गीताचा पुढला भाग मराठी वाचकाने अधिक लक्ष देऊन ऐकावा असा आहे : पाखरांनी धान्य खाल्ले, आता खजिना कशातून भरावयाचा, अशी त्या आईची विवंचना आहे. तलवारीचा त्यात उल्लेख नाही. उल्लेख आहे तो कराचा. इतिहासकारास मोठ्या ग्रंथातून सिद्ध करावे लागते ते येथे एका लोकगीताने सहज सांगितले आहे. ही मोहीम चौथाईची होती, आणि ज्याच्या भाताच्या कोठारातून चौथाई निघावयाची त्याच्या दृष्टीने बर्गी म्हणजे सारा मागणारा घोडेस्वार.

घटनाक्रम थोडक्यात असा. १७४२ मध्ये रघुजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये शिरले. नवाब अलिवर्दी खानाची राजधानी मुर्शिदाबाद काही काळ उघडी पडली, जगतशेटांची पेढी लुटली गेली. त्याच शरदात काटव्याच्या परिसरात भास्करराम दुर्गापूजेच्या उत्सवात असताना अलिवर्दीने अचानक छापा घालून त्यांना हुसकावले. मराठ्यांच्या भीतीने कलकत्त्यातील रहिवाशांनी खणावयास घेतलेला खंदक ‘मराठा डिच’ या नावाने पुढे प्रसिद्ध झाला. तो पुरा कधी झालाच नाही. १७४३ मध्ये रघुजी स्वतः बंगालमध्ये उतरले, आणि त्याच वेळी पेशवे बाळाजी बाजीराव अलिवर्दीच्या साह्यास, खर्चाची रक्कम ठरवून, रघुजींच्या विरोधात आले. अखेर शाहूंनी दोघांची क्षेत्रे वाटून दिली आणि बंगाल, बिहार व ओडिशा रघुजींच्या वाट्यास आले. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे बोलणीच्या मिषाने बोलावून अलिवर्दीने भास्कररामांचा व त्यांच्या प्रमुख सरदारांचा विश्वासघाताने वध केला. त्यानंतरही मोहिमा चालूच राहिल्या. १७५१ च्या तहाने बंगालची चौथाई म्हणून सालिना बारा लक्ष रुपये आणि ओडिशाचा वसूल रघुजींस मिळाला, आणि सुवर्णरेखा नदी ही मर्यादा ठरली.

या हकिकतीत दोन गोष्टी सोयीस्कर कल्पनांना छेद देणाऱ्या आहेत. मराठ्यांविरुद्ध बंगालच्या नवाबाला मदत करणारा काही काळ मराठ्यांचा पेशवाच होता. आणि बर्ग्यांचा प्रमुख सल्लागार मीर हबीब हा इराणातून आलेला मुत्सद्दी होता. तेव्हा या मोहिमांना आजच्या भाषिक प्रांतांचे किंवा धर्मांचे युद्ध समजण्याचा मोह दोन्ही बाजूंनी टाळला पाहिजे.

४

मराठी कागदपत्रांत या मोहिमांचे स्वरूप मुलूखगिरीचे आहे. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची ‘नागपूरकर भोसल्यांची बखर’ असो की पत्रव्यवहार असो, तेथे विचार चालतो तो हक्क, सनदा, फौजेचा खर्च, वसूल आणि प्रतिस्पर्धी सरदार यांचा. यात अप्रामाणिकपणा नाही. राज्यकर्त्याची भाषा हिशेबाची असते. परंतु ज्याच्याकडून वसूल व्हावयाचा तो माणूस त्या हिशेबात फक्त रकमेच्या रूपाने येतो. त्याचा चेहरा पाहावयाचा असेल तर दुसऱ्या भाषेकडे वळावे लागते.

गंगाराम या कवीचे ‘महाराष्ट्रपुराण’ हे बंगाली काव्य तेथे प्रथम हाती घेतले पाहिजे. त्याच्या पोथीवरील साल बंगाली ११५८, म्हणजे इसवी सन १७५१ चे आहे. ज्या वर्षी तह झाला त्याच वर्षाचे. एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतरामुळे ते बंगालबाहेरही परिचित झाले. या काव्याची मांडणी असाधारण आहे. पृथ्वीला पापाचा भार असह्य होतो. शिव नंदीला दक्षिणेस शाहू राजाकडे धाडतो. शाहू दिल्लीच्या बादशहाकडे चौथाई मागतो. बंगालचा सुभेदार आपल्यालाच वसूल देत नाही, तुम्हीच तो घ्यावा, असे बादशहाकडून उत्तर येते. आणि मग भास्कराची स्वारी निघते. मराठा आक्रमणाला कवीने आरंभी दैवी आज्ञेचे आणि राजकीय हक्काचे, असे दोन्ही आधार दिले आहेत. म्हणजे हे काव्य मराठ्यांविषयीच्या द्वेषातून सुरू होत नाही.

पुढे मात्र गावोगावचे लोक पळू लागतात आणि काव्याचा रोख बदलतो. पंडित पोथ्यांचे भार घेऊन पळतात, सोनार तराजू घेऊन, कोळी जाळी घेऊन. आणि तलवारीवर ज्यांची प्रतिष्ठा ते क्षत्रिय व राजपूत तलवारी टाकून पळतात. प्रत्येकाच्या हाती त्याच्या व्यवसायाचे साधन आहे. फक्त तलवारवाल्याने आपले साधन फेकून दिले आहे. तलवारीच्या इतिहासात ही नोंद हवी. यानंतर हातपाय तोडणे, स्त्रियांवरील अत्याचार, रुपयांसाठी केलेला छळ यांची वर्णने येतात. शेवटी, ज्या दुर्गेची पूजा भास्कर करीत होता तीच देवी त्याच्यावर रुष्ट होऊन नवाबाला अनुकूल होते. ज्याला शिवाने पाठविले त्याला देवीने त्यागले. आणि त्याच्यावर ठपका येतो तो परका म्हणून नव्हे, निरपराधांना छळले म्हणून. काव्याचा नैतिक निर्णय इतका स्पष्ट आहे. या काव्याचे नाव ‘महाराष्ट्रपुराण’ असूनही सर्वसाधारण मराठी वाचकास त्याची ओळख क्वचितच असते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

बाणेश्वर विद्यालंकार यांचे ‘चित्रचंपू’ हे संस्कृत काव्य १७४४ चे, म्हणजे मोहिमा चालू असतानाचे. वर्धमानच्या राजाच्या आश्रयाने लिहिणाऱ्या या पंडिताने शाहूच्या सैन्याच्या निर्दयतेचे वर्णन केले आहेच. त्याखेरीज या सैन्याचे खरे बळ त्याच्या अतिशय वेगवान घोड्यांत आहे, असेही त्याने ओळखले आहे. भारतचंद्र रायांच्या ‘अन्नदामंगल’ (शके १६७४) या काव्यात निराळी बाजू दिसते. तेथे भुवनेश्वरी अलिवर्दीच्या सैन्याने केलेल्या उपद्रवामुळे नंदी क्रुद्ध होतो आणि शिवाच्या योजनेने साताऱ्याच्या राजास स्वप्नात आज्ञा होते. मराठा स्वारी येथेही शिक्षेच्या रूपाने येते आणि तिच्या तडाख्यात अपराध्यांबरोबर निरपराधही सापडतात. एकाच दशकातील तीन कवी, दोन भाषा, तीन आश्रयस्थाने. परंतु राजाच्या अपराधाचे प्रायश्चित्त प्रजेने का भोगावे, हा प्रश्न तिघांच्याही मागे उभा आहे.

ओडिशाची स्थिती वेगळी आहे, कारण तेथे मराठे स्वाऱ्यांपुरते आले नाहीत. १७५१ पासून १८०३ पर्यंत त्यांचे राज्य होते. ब्रजनाथ बडजेना यांच्या ‘समरतरंग’ या काव्यात ढेंकानालच्या राजाने मराठ्यांशी केलेल्या युद्धाचे वर्णन आहे. तेथे मराठा हा समोरासमोर लढणारा शत्रू आहे आणि कवीची सहानुभूती आपल्या राजाकडे आहे. फकीरमोहन सेनापती यांच्या ‘लछमा’ या कादंबरीची पार्श्वभूमी बर्ग्यांच्या स्वाऱ्यांचीच आहे. त्याच ओडिशात कोणार्कचा अरुणस्तंभ मराठा राजवटीतच पुरीच्या सिंहद्वारासमोर आणून उभा केला गेला. जगन्नाथाच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू ज्या स्तंभाला नमस्कार करून पुढे जातो तो त्या जागी मराठ्यांच्या काळात आला, आणि ज्या राजवटीत तो उभा राहिला तिच्या साऱ्याचा भारही त्याच प्रदेशाने वाहिला. कोणत्याही एका वाक्यात या अर्धशतकाचा निकाल लावता येणार नाही.

बंगाली साहित्यातही निकाल एकच राहिलेला नाही. देवघराजवळच्या करौं गावी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात जन्मलेले सखाराम गणेश देउस्कर (१८६९-१९१२) यांनी बंगालीत ‘देशेर कथा’ (१९०४) लिहून वंगभंगाच्या काळातील तरुणांना आर्थिक शोषणाचे भान दिले. त्यांच्याच शिवाजीविषयक पुस्तिकेच्या निमित्ताने त्या वर्षी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. ज्या भाषेत आया मुलांना बर्गीची भीती घालीत होत्या त्याच भाषेत शिवाजीचा गौरव झाला, आणि त्यासाठी अंगाईगीत विसरावे लागले नाही. बंगाली भाषेने दोन्ही आठवणी जवळ ठेवल्या. मराठीला हे अशक्य का असावे?

५

या विचारावर काही आक्षेप येतील, आणि त्यांतील काही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की, त्या काळी सर्वच सैन्ये लूट करीत. मराठ्यांनाच वेगळे काढून दोष का द्यावा? ही गोष्ट बहुतांशी खरी आहे, आणि अलिवर्दीच्या सैन्याबद्दल भारतचंद्रांनी जे लिहिले त्यावरून तिला पुष्टीही मिळते. परंतु हा युक्तिवाद आरोपीच्या बचावाचा आहे, आणि वस्तुसंग्रहालय हे न्यायालय नव्हे. तेथे शिक्षा ठरवावयाची नसते, हकिकत सांगावयाची असते. इतरांनीही लुटले म्हणून काटव्याच्या शेतकऱ्याची हकिकत सांगू नये, असे त्यावरून निष्पन्न होत नाही.

दुसरा आक्षेप राष्ट्रीय ऐक्याचा. जुनी दुःखे कशाला उकरून काढावयाची, असे विचारले जाईल. येथे लक्षात घेतले पाहिजे की उकरून काढण्याजोगे त्यात काही पुरलेलेच नाही. अंगाईगीत बंगालमध्ये सर्वांच्या ओठी आहे. ‘महाराष्ट्रपुराण’ छापील आहे. मौन पाळले गेले तर ते केवळ मराठी बाजूचे असेल, आणि शेजाऱ्यास ते अज्ञान तरी वाटेल किंवा उद्दामपणा तरी.

तिसरा आक्षेप शस्त्रतज्ज्ञांचा असू शकतो. तलवार ही धातुकामाची व युद्धकलेची वस्तू आहे. तिच्याजवळ काव्ये कशास, असा त्याचा आशय. या आक्षेपास उत्तर तलवारीवरच आहे. पात्याच्या पाठीवरील ती पाच-सहा शब्दांची ओळ पुसून टाकली तर उरते ती अठराव्या शतकातील एक चांगली फिरंग. तशा फिरंगा अनेक संग्रहांत आहेत आणि त्यांच्यासाठी कोणतेही शासन लंडनच्या लिलावात उतरत नाही. या वस्तूची किंमत, तिचा प्रवास, तिचे स्वागत हे सर्व त्या शब्दांमुळे झाले. शब्दांमुळे जी वस्तू मौल्यवान ठरली तिच्याविषयीचे इतर शब्द अप्रस्तुत कसे ठरतील?

त्याचबरोबर विरुद्ध टोकाची एक चूकही टाळली पाहिजे. कोरलेला मजकूर मालकी सांगतो, वापर सांगत नाही. ही तलवार बंगालमध्ये उपसली गेली, असे मजकुरावरून सिद्ध होत नाही. ‘हीच ती रक्तपिपासू तलवार’ असे लिहिणे जितके बेजबाबदार, तितकेच ‘हिने बंगाल जिंकला’ असे लिहिणेही. सोन्याने नाव भरलेले सेनापतीचे शस्त्र पुष्कळदा दरबारी मानाचे असते. गावात शिरणाऱ्या स्वाराच्या कमरेला जी तलवार होती तिच्यावर कोणाचेही नाव नव्हते, आणि ती कोणत्याही लिलावात येणार नाही. सेनापतीचे नाव पोलादावर राहिले. बारगिराचे नाव बंगालच्या बोलीत राहिले. या दोन नावांचा संबंध जोडून दाखविणे हे अभ्यासकाचे काम आहे, आणि या बाबतीत ते शस्त्रतज्ज्ञाइतकेच साहित्याच्या अभ्यासकाकडे येते.

तलवार परदेशी कशी गेली याचा विचारही याच संदर्भात उपयोगी पडतो. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, डिसेंबरात नागपूर पडले, आणि भोसल्यांची संपत्ती इंग्रजांच्या हाती जाऊ लागली. १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केल्यावर राजवाड्यातील जडजवाहीर व जंगम मालमत्ता विक्रीस काढण्यात आली; राजस्त्रियांच्या आक्रोशास कोणी दाद दिली नाही. ही तलवार अशाच एखाद्या प्रसंगी देशाबाहेर गेली असावी, असे अनुमान केले जाते. नागपूरच्या त्या विक्रीची आठवण विदर्भात आजही कडवट आहे, आणि ती असावी. परंतु स्वतःची लूट ज्याला आठवते त्याला दुसऱ्याची लूट समजून घेणे अवघड जाऊ नये. नागपूरच्या वाड्यात जे १८५४ मध्ये झाले त्याचे दुःख मानणारा मराठी वाचक काटव्याच्या परिसरातील १७४२ च्या दुःखाकडे पाठ फिरवू लागला, तर त्याची तक्रार केवळ पराभवाची ठरेल, अन्यायाची ठरणार नाही.

६

म्हणून काही साध्या सूचना कराव्याशा वाटल्यास त्या अशा असाव्यात. ही तलवार जेथे ठेवली जाईल तेथील माहितीफलक मराठी, हिंदी व इंग्रजीबरोबर बंगाली आणि ओडिया या भाषांतही असावा. त्यावर पात्याच्या युरोपीय घडणीचा आणि ‘फिरंग’ या शब्दाचा खुलासा असावा. ‘सेनासाहेबसुभा’ या किताबाबरोबरच ‘बारगीर’ या शब्दाचाही, आणि त्याचे बंगालीत काय झाले याचाही असावा. १७५१ च्या तहाची कलमे आणि त्याच सालच्या पोथीतील पळणाऱ्या गावकऱ्यांचे वर्णन शेजारी शेजारी ठेवले, तर पाहणाऱ्यास अधिक काही सांगण्याची गरज उरणार नाही. विद्यापीठांतील मराठी विभागांनी, आणि विशेषतः महाराष्ट्राबाहेरील विभागांनी, ‘महाराष्ट्रपुराण’ मूळ बंगालीच्या आधारे, टीपांसह, आपल्या अभ्यासक्रमात आणावे. महाराष्ट्राबाहेर मराठी शिकविणाऱ्याचा विद्यार्थी पुष्कळदा बंगाली किंवा ओडिया घरातून येतो. मराठी इतिहासाचा पहिला शब्द त्याने आपल्या आजीकडून ऐकलेला असतो, आणि तो शब्द ‘बर्गी’ हा असतो. त्या शब्दाला टाळून त्याला मराठी साहित्य शिकविणे शक्य असले तरी प्रामाणिक नव्हे.

अशा सहवाचनाला पूर्वोदाहरण नाही असेही नाही. जदुनाथ सरकार आणि गोविंद सखाराम सरदेसाई या दोन इतिहासकारांची मैत्री कित्येक दशके टिकली. सरकारांनी बंगालवरील मराठा स्वाऱ्यांचे चित्र कठोर शब्दांत रेखाटले. सरदेसायांनी मराठी रियासतीचा इतिहास आपुलकीने लिहिला. त्यांच्यात मतभेद होते आणि ते त्यांनी लपविले नाहीत. तरीही एकमेकांना कागद पुरविणे, चुका दाखविणे व मिळून संपादन करणे चालू राहिले. पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड त्या सहकार्यातून उभे राहिले. एकाने आपला अभिमान सोडला नाही, दुसऱ्याने आपली वेदना सोडली नाही; दोघांनीही कागद मात्र सोडला नाही.

रघुजींची तलवार आता सार्वजनिक ठेवा झाली आहे. पात्यावरचे नाव एका सेनापतीचे असले तरी ठेवा सार्वजनिक झाला की त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार एका घराण्याकडे, एका शहराकडे किंवा एका भाषेकडे राहत नाही. ती पाहावयास येणाऱ्यांत उद्या वर्धमानचा एखादा शिक्षक असेल, कटकची एखादी विद्यार्थिनी असेल. त्यांना तेथे आपल्या बाजूची हकिकत वाचावयास मिळाली, तर लंडनहून तलवार परत आणण्यासाठी केलेला खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.